अंगणात कोणते झाड लावावे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की घराभोवती कोणती झाडे लावावीत, हा प्रश्न या सदराकडे हमखास येतो. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. या दोन जिल्ह्यांत पाऊस आणि जमीन इतक्या झपाट्याने बदलतात की एका गावाला लागू पडलेला सल्ला पन्नास-साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी निरुपयोगी ठरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सातारा शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास राहतो, तोही बेभरवशाचा. म्हणून प्रत्येक पत्र कोठून आले, हे आवर्जून दिले आहे.

प्रश्न : साताऱ्यात गोडोली भागात आम्ही नुकतेच घर बांधले. प्लॉट चाळीस बाय साठ फुटांचा असून जमीन मुरमाड आहे. घराच्या मागे पश्चिमेला बारा फूट आणि समोर पूर्वेला अठरा फूट जागा मोकळी आहे. दुपारनंतर पश्चिमेची भिंत इतकी तापते की त्या खोलीत रात्री झोपवत नाही. त्या बाजूला एक गुलमोहर आणि एक बहावा लावावा, म्हणजे सावली आणि फुले दोन्ही मिळतील, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का?

हेतू योग्य आहे, परंतु झाडे बदलावीत. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो, हे मला ठाऊक आहे आणि रस्त्याकडेला फुललेला गुलमोहर पाहण्यात मलाही आनंद वाटतो. मात्र मूळचा मादागास्करचा हा वृक्ष छत्रीसारखा तीस-चाळीस फूट पसरतो, त्याची मुळे वरच्या थरातच फिरतात आणि लाकूड ठिसूळ असते. वळवाच्या पहिल्या वादळात मोडून पडलेल्या झाडांकडे पाहिले तर त्यांत गुलमोहराच्या फांद्या किती असतात, ते आपल्या लक्षात येईल. बारा फुटांच्या पट्ट्यात त्याला लावल्यास एक तर तो भिंतीवर येईल किंवा शेजाऱ्यांच्या छतावर.

बहाव्याची अडचण वेगळी आहे. तो आपल्याच मातीतला, मुरमाड जमिनीत आनंदाने वाढणारा आणि घरासमोर शोभणारा वृक्ष आहे. परंतु मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्याला सावलीची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्याच दिवसांत, तो पाने गाळून बसतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याला सोनेरी घोस लागतात, पण घोसांची सावली भिंत थंड करण्याइतकी दाट नसते. झाड निवडताना आपण त्याचा रंग, फुले, फळे विचारतो, पण ते कोणत्या महिन्यात निष्पर्ण असते, हे बहुधा विचारत नाही. पांगारा, पळस, काटेसावर, आपटा ही सगळी गुणी झाडे आहेत, तरीही उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती भिंतीला ऊन लागू देतात. त्यांना पूर्वेची किंवा कोपऱ्याची जागा द्यावी.

पश्चिमेला माझी पहिली पसंती बकुळीला आहे. ती बारमाही हिरवी, दाट पानांची आणि छाटणी मुकाट्याने सोसणारी आहे. तिच्या फुलांचा सुगंध फूल वाळल्यावरही टिकतो, म्हणून आपल्याकडे ती ओवून ठेवण्याची रीत आहे. एक दोष सांगितलाच पाहिजे. बकुळ सावकाश वाढते आणि भिंतीवर नीट सावली पडायला आठ-दहा वर्षे लागतात. तोपर्यंतच्या काळासाठी त्याच पट्ट्यात अडुळसा आणि कुंती यांची दाट ओळ लावावी. पाच-सहा फूट उंचीची झुडपेसुद्धा भिंतीचा खालचा भाग थंड ठेवतात, आणि बकुळ मोठी झाल्यावर ती काढून टाकताना मनाला लागत नाही. बकुळ भिंतीपासून निदान सात-आठ फुटांवर असावी. कडुनिंब एप्रिलपर्यंत नव्या पालवीने भरतो आणि उन्हाळ्यात त्याच्यासारखी सावली दुसरी नाही, पण त्याचा घेर तीस फुटांच्या पुढे जात असल्यामुळे तुमच्या बारा फुटांत तो बसत नाही. मागे पंचवीस फूट जागा असती, तर मी डोळे मिटून कडुनिंबच सांगितला असता.

समोरच्या अठरा फुटांत बहावा लावावा, मात्र वरून महावितरणची तार जात नाही ना, हे आधी पाहावे. तार असेल तर त्याऐवजी प्राजक्त लावावा. तो दहा-पंधरा फुटांवर थांबतो, त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटे खाली पडतात, त्यामुळे त्याच्याखाली फरशी न घालता माती किंवा हिरवळ ठेवावी. दक्षिणेकडे उंच, बारमाही हिरवे झाड लावू नये. आपल्या अक्षांशावर सूर्य मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो; थंडीत मात्र तो दक्षिणेकडे खाली उतरतो आणि त्याच बाजूने घरात ऊन येते. ते हवेहवेसे ऊन झाडाने अडवले, तर डिसेंबरमध्ये त्या झाडाचाच राग येतो.

प्रश्न : आमचे घर सांगलीत कृष्णेच्या काठाजवळच्या सखल भागात आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत अंगणात कित्येक दिवस पाणी होते. शेवगा, पपई, कढीपत्ता आणि डाळिंब ही सगळी झाडे गेली. नारळ आणि एक जुने जांभूळ तेवढे वाचले. आता पुन्हा झाडे लावावीत की नाही, असा प्रश्न पडला आहे.

अवश्य लावावीत. तुमच्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. कोणती झाडे गेली आणि कोणती राहिली, हे तुमच्या अंगणाने स्वतः दाखवून दिले आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. २००५ चा पूरही अनेकांच्या स्मरणात असेल. अशा जागी झाड निवडताना पूर पुन्हा येणार, असे धरूनच चालावे लागते.

पुरात झाड मरते ते बहुतेक वेळा मुळांचा श्वास कोंडल्यामुळे. मातीतल्या पोकळ्यांतली हवा पाण्याने हुसकली जाते, मुळे कुजू लागतात आणि चारही बाजूंनी पाणी असताना वरची पाने मलूल होतात. पपई दोन दिवसांतच हार मानते. शेवगा, कढीपत्ता, डाळिंब हे सगळे निचऱ्याच्या जमिनीचे सोबती आहेत, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. याउलट नदीकाठी आपोआप उगवणारी झाडे पाहा. करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर, वाळुंज ही झाडे दर पावसाळ्यात पायथ्याशी पाणी घेऊन उभी असतात. यांतला करंज मी तुमच्यासाठी निवडेन. त्याची मुळे खोल जातात, चैत्रात त्याची पोपटी पालवी डोळे निववते आणि पुराच्या पाण्यात उभे राहण्याची त्याला सवय असते. आपले राज्यपुष्प असलेला ताम्हणही ओलावा मानवणारा आहे. तो आटोपशीर वाढतो आणि उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरतो, म्हणून छोट्या अंगणात करंजापेक्षा ताम्हण बरा. अर्जुन मात्र प्रचंड वाढतो. तो घराजवळ नको.

तुमची जमीन काळी असणार. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोठे झाड भिंतीला खेटून असेल तर त्याची मुळे उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा शोषून घेतात, माती एका बाजूने अधिक आकसते आणि भिंतीला तिरकी चीर जाते. पुष्कळ लोक अशा वेळी मुळांनी पाया फोडला, असे म्हणतात. खरे कारण बहुधा मातीतून नाहीसा झालेला ओलावा असते. म्हणून काळ्या जमिनीत मोठ्या झाडाचे भिंतीपासूनचे अंतर मुरमाड जमिनीपेक्षा अधिक ठेवावे. झाडाची पूर्ण वाढीची उंची जेवढी, तेवढे अंतर मिळाले तर उत्तम.

लागवडीच्या वेळेबाबत माझा सल्ला सर्वसाधारण पद्धतीपेक्षा निराळा आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस झाला की रोपे लावतात, आणि सातारा किंवा मिरजेकडच्या उंच भागात तेच योग्य आहे. तुमच्या सखल भागात मात्र जूनमध्ये लावलेले रोप ऑगस्टमध्ये पुरात सापडते, तेव्हा त्याची मुळे पिशवीच्या आकाराबाहेरही गेलेली नसतात. गणपती झाल्यावर, पाणी उतरून जमीन वाफशावर आली की लावावे. मग पुढच्या पुरापर्यंत त्याला दहा-अकरा महिने मिळतात. रोप सहा-सात फूट उंचीचे घ्यावे आणि दोन बाजूंनी बांबूचा भक्कम आधार द्यावा. पाणी ओसरल्यावर बुंध्याभोवती साचलेला गाळ आठवडाभरात हाताने बाजूला करावा. हे काम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, आणि पुरातून वाचलेले झाड नंतर बुंधा गाळात दबल्यामुळे दगावते. जमीन चिखल असेपर्यंत खणू नये आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत घालू नये.

प्रश्न : वाई येथील आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवले आहे. घरातील वडीलधारी मंडळी ते काढू देत नाहीत. काय करावे?

वडीलधाऱ्यांच्या भावनेचा मान राखूनही ते आताच काढावे. पाखरांच्या विष्ठेतून भिंतीत रुजलेला पिंपळ, वड किंवा उंबर चुन्याच्या सांध्यांत मुळे घालतो आणि काही वर्षांत दगड सरकवतो. रोप वीतभर असतानाच मुळासकट ओले करून ओढावे, नंतर फक्त शेंडा कापून उपयोग होत नाही. काढलेले रोप कुंडीत जगवून गावाच्या मोकळ्या जागेत, ओढ्याकाठी किंवा देवळाच्या आवारात लावले, तर घरातल्या मंडळींचीही तक्रार उरणार नाही. जावळी तालुक्यातील म्हसवे गावचा वड कित्येक एकरांत पसरलेला आहे. या कुळातल्या झाडांना किती जागा लागते, हे तो पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमचे घर उसाच्या मळ्यालगत आहे. अंगणात आंबा, लिंबू आणि सोनचाफा तीनदा लावले. पानांच्या कडा करपतात आणि वर्षभरात रोप वाळते. जमीन ओली असताना साबणासारखी गुळगुळीत आणि वाळल्यावर दगडासारखी होते.

तुम्ही केलेले वर्णन चोपण जमिनीचे आहे. कृष्णाकाठी वर्षानुवर्षे उसाला पाटाचे पाणी भरपूर दिले गेले, निचरा मात्र झाला नाही, त्यामुळे खालचे क्षार वर आले आणि कित्येक शिवारांत जमीन बिघडली. तुमचे अंगण त्याच शिवाराचा भाग आहे. दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पृष्ठभागावर पांढरा थर दिसत असेल आणि सामू, म्हणजे मातीचा पीएच, साडेआठपेक्षा कमी असेल, तर जमीन खारवट असते आणि निचरा सुधारून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हा तिच्यावरचा उपाय आहे. सामू साडेआठच्या वर असून मातीत सोडियम अधिक असेल तर ती चोपण, आणि तिला जिप्सम लागते. खारवट जमिनीत जिप्सम टाकून उपयोग होत नाही, म्हणून आधी माती तपासून घ्यावी. कृषी सहायकांना विचारल्यास नमुना कसा घ्यायचा आणि कोठे द्यायचा, ते सांगतील. घराच्या बोअरच्या पाण्याचीही त्याच वेळी तपासणी करावी, कारण पाणीच मचूळ असेल तर खड्ड्यात कितीही चांगली माती भरली तरी दोन वर्षांत ती पुन्हा बिघडते.

आंबा, लिंबू आणि सोनचाफा ही तिन्ही झाडे क्षारांना नाजूक आहेत. तुम्ही तीन वेळा नेमकी तीच लावलीत, हे वाचून वाईट वाटले. आवळा, बोर, करंज, कडुनिंब, चिकू आणि नारळ यांची सहनशक्ती अधिक आहे. फळ हवे असेल तर आवळ्यापासून सुरुवात करावी. फुलांसाठी बोगनवेल चांगली टिकते. खड्डा तीन फूट खोल घेऊन तळाचा कडक थर पहारीने फोडावा. चोपण असल्याची खात्री झाल्यावर खड्ड्यातल्या मातीत तीन-चार किलो जिप्सम, दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि निम्मा मुरूम मिसळावा. रोप खड्ड्यात न दाबता जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावावे. तुमच्या दारातच उसाचे पाचट मिळते, ते आळ्यात चार बोटे जाड पसरावे, मात्र बुंध्याला टेकू देऊ नये. उघड्या मातीतून पाणी उडून जाताना क्षार वर खेचले जातात आणि पाचटाच्या आच्छादनाने ते पुष्कळ कमी होते.

प्रश्न : माण तालुक्यात दहिवडीजवळ राहतो. उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागते. दारात शेळ्या आहेत, लहान मुलेही आहेत. शेळ्या खाणार नाहीत आणि पाणी कमी लागेल, असे कुंपण हवे आहे. शेजारी कण्हेर लावा म्हणतात.

शेळ्या आणि लहान मुले ज्या घरात आहेत, तेथे कण्हेर लावू नये. तिची पाने, फुले, फांद्या, सगळेच विषारी असते, आणि पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, बी तर जीवघेणी असते. मुले ती बी खेळायला घेतात. शेळी एरवी कण्हेर टाळते, पण छाटून टाकलेली वाळकी पाने चाऱ्यात मिसळली तर जनावर दगावते. घाणेरी आपोआप उगवत असली तरी तिलाही थारा देऊ नये. तिची पाने जनावरांना बाधतात आणि ती सगळा बांध व्यापते.

तुमच्यासाठी निर्गुडी आणि अडुळसा ही जोडी उत्तम आहे. दोन्ही झुडपांना जनावर सहसा तोंड लावत नाही, दोन्ही फाट्यांनी लागतात, आणि खोकल्याला अडुळसा व सांधेदुखीच्या शेकाला निर्गुडी घरचीच मिळते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेनाएवढ्या जाडीचे फाटे दीड-दीड फुटांवर दोन ओळींत आलटून पालटून लावावेत. काटेरी कुंपण हवे असेल तर बाहेरच्या बाजूने करवंद लावावे. ती सावकाश वाढते, पण एकदा रुजली की मेंढरूसुद्धा आत घुसत नाही आणि मुलांना वैशाखात फळेही मिळतात. सावलीसाठी एकच कडुनिंब पुरेसा आहे. त्याच्याबरोबर सीताफळ लावावे, कारण त्याची पाने शेळ्या खात नाहीत आणि माणच्या हलक्या, मुरमाड जमिनीत ते तग धरते.

पाण्यासाठी प्रत्येक झाडाजवळ एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि मुळे त्याकडे वळतात. टँकरच्या पाण्यातला हंडाभर त्यासाठी दर तीन-चार दिवसांनी बाजूला काढला, तरी दोन झाडे उन्हाळा काढतात. मडके नवे आणि बिनरंगाचे घ्यावे. ऑइलपेंट दिलेल्या मडक्यातून पाणी झिरपत नाही.

प्रश्न : मिरजेत आमच्या आवारात साठेक वर्षांचा कडुनिंब आहे. एक फांदी छपरावर कलली आहे. झाड आमचेच असल्यामुळे ते तोडण्यास हरकत नसावी ना?

झाड तुमच्या आवारात असले तरी शहरी हद्दीत १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महानगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचे संरक्षण आहे. परंतु तुमच्या पत्रावरून संपूर्ण झाड तोडण्याचे कारण मला दिसत नाही. कललेली एक फांदी उतरवण्याची परवानगी मागावी. फांदी खालून आधी थोडी कापून मग वरून कापावी, म्हणजे पडताना साल सोलत जात नाही, आणि खोडाजवळ फुगीर कड असते ती शाबूत ठेवावी. त्या कडेवरूनच जखम भरून येते.

प्रश्न : नर्सरीतून रोप घेताना काय पाहावे? मोठे, फुललेले रोप घेतले तरी पुढे ते वाढतच नाही, असा आमचा कराडचा अनुभव आहे.

हा अनुभव माझाही आहे. काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून कळ्यांनी भरलेला, माझ्या खांद्याएवढा सोनचाफा आणला. तीन वर्षे त्याला पाणी घातले, शेणखत घातले, पण तो वीतभरही वाढला नाही. शेवटी एका वळवानंतर तो एका बाजूला कलला, तेव्हा मी तो उपटला. हाताला अजिबात जोर लागला नाही. खाली मुळे होती, पण ती पाणी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या चुंबळीसारखी एकमेकांभोवती गोल गुंडाळलेली होती आणि पिशवीचा तळ जेवढा गोल, तेवढाच तो गोळा होता. तीन वर्षांत एकही मूळ त्या गोलाबाहेर गेले नव्हते.

म्हणून फुललेल्या रोपापेक्षा लहान पिशवीतले, तजेलदार, एकाच सरळ शेंड्याचे रोप घ्यावे. पिशवीच्या छिद्रांतून जाड मुळे बाहेर आलेली असतील, तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिले आहे, असे समजावे. शक्य झाल्यास रोपवाटिकेच्या माणसाला पिशवी बाजूने थोडी सोडून दाखवायला सांगावे. चांगला माणूस नाही म्हणत नाही. कलमी रोपात जोड जमिनीच्या वर राहील, एवढ्याच खोलीवर लावावे. घरी आणल्यावर पिशवी पूर्ण कापून टाकावी आणि गोल फिरणारी बारीक मुळे ब्लेडने उभी चिरून बोटांनी बाहेरच्या बाजूस पसरावीत. मुळे कापताना जीव कासावीस होतो, पण कापलेल्या टोकांनाच नवी मुळे फुटतात. बुंधा जेथे मातीतून वर येतो, तो भाग जमिनीच्या पातळीलाच ठेवावा. खोल पुरलेली रोपे पहिल्या पावसातच बुंध्याशी कुजतात. आधाराची काठी मुळांच्या गोळ्यात न खुपसता बाजूला रोवावी, दोरी सुताची आणि सैल बांधावी, आणि दुसरा पावसाळा सरल्यावर काठी काढून घ्यावी, म्हणजे खोड वाऱ्यात हलून स्वतःहून जाड होते.